माधव नगरच्या काकूंचं इंग्रजी

काकूंना 'रिसीट' हा उच्चार मान्य नव्हता. शब्दात 'पी' लिहिलेला आहे, तर तो म्हटला गेलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्या 'रिसीप्ट' म्हणत. 'डाउट'ला 'डाउब्ट' म्हणत, आणि गुडघा दुखायला लागला की 'माझा क्नी धरला' म्हणत. मी इंग्रजी शिकवून पोट भरणारी बाई. त्यांच्याकडे राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात मी नम्रपणे सांगून पाहिलं, की काकू, ते अक्षर सायलेंट असतं.

"सायलेंट म्हंजे?"

"म्हणजे लिहायचं, पण बोलायचं नाही."

"का बरं? त्यानं काय बिघाडलं कुणाचं?"

मी भाषाशास्त्रातलं काहीतरी सांगायला गेले, तर त्यांनी हातातली पळी हवेतच थांबवली. "हे बघ पोरी, या घरात लोकांना गप्प बसवणं पुष्कळ होऊन चुकलंय. आता निदान अक्षरांना तरी मी गप्प बसवणार नाही."

तो विषय तिथे संपला. पुढे जितकी वर्षं मी त्यांच्या घरी काढली, तितकी वर्षं त्यांनी दुधवाल्याकडून 'रिसीप्ट'च मागितली, आणि शेवटी दुधवालाही 'रिसीप्ट' म्हणायला लागला.

मी मूळची नाशिकची. उज्जैनला फ्रीगंजमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये नोकरी मिळाली म्हणून आले. बँकेच्या नि सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना इंग्रजी शब्दसंग्रह शिकवायचा, हे माझं काम. माधव नगरातल्या काकूंच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती, ती मला भाड्याने मिळाली. खाली काकू एकट्या. काका बँकेतून निवृत्त झाले होते आणि मी येण्याच्या थोडं आधी गेले होते. एकुलता एक मुलगा हैदराबादला, मोठ्या कंपनीत. त्याचं नाव काहीही असलं तरी घरात तो मुन्नाच होता.

काकूंच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या माळव्यातली, कुणी पूर्वज दरबारी चाकरीत आलेले. काकूंची मराठी त्यामुळे हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसलेली. "दरवाजा लावून दे", "मला तर हसूच येऊन गेलं", "असं थोडीच असतं", असं त्यांचं बोलणं. माझी मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तुमच्या तिकडची भाषा एकदम इस्त्री केलेली वाटते. आमची धुवून वाळत घातलेली आहे, पण अंगाला बरी लागते."

अशा बाईला सत्तरीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शब्दांचा नाद का लागावा? बोलायला शिकायचं नव्हतं त्यांना. 'इंग्लिश बोलून मला काय कलेक्टर थोडीच व्हायचंय,' असं म्हणत. व्याकरणाला तर त्या हातही लावत नसत. त्यांना शब्द हवे होते. फक्त शब्द.

कारण त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. भुट्ट्याच्या किसाची तयारी चालली होती. त्या कणसं किसत होत्या आणि मी मिरच्या चिरत होते.

"आमचे हे गेले नं, त्यांच्या तेराव्याची गोष्ट. पाहुणे जेवून गेले. मग घरचे बसले. मुन्ना, त्याची बायको, माझे दीर. मी वाढत होते. आणि हे सगळे इंग्लिशमधे बोलून राहिले. मधे मधे 'शी', 'शी' चाललेलं. मला वाटलं, वरणात काही पडलं की काय! मी वाकून पातेल्यात बघितलं."

मला हसू आलं. काकू हसल्या नाहीत.

"मग ध्यानात आलं. ती घाणीची 'शी' नाही, ती मी आहे. शी म्हंजे ती. पूर्ण जेवणभर माझ्याबद्दलच बोलून राहिले होते, आणि मी त्यांना भात वाढत होते. माझं काय करायचं ठरतंय, ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक." त्यांनी कणीस उलटं करून किसायला घेतलं. "त्याच दिवशी ठरवलं. आता या घरात माझ्यासमोर एक शब्द असा बोलला नाही जाणार, की जो मला अडवेल."

त्यांच्या शिकण्याची तऱ्हा जगावेगळी होती. शब्दकोश त्यांना चालत नसे. "त्यात एक शब्द विचारायला जा, तर तो आणखी चार अनोळखी पाहुणे घेऊन येतो," ही त्यांची तक्रार. त्या माणसांना विचारत. औषधाच्या दुकानदाराला, शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना, वीज मीटर बघायला येणाऱ्या माणसाला, आणि अर्थातच मला. आणि एकदा शब्द मिळाला, की तो दिवस मावळायच्या आत कुणा ना कुणावर वापरायचाच. नुसता पाठ केलेला शब्द त्यांच्या लेखी शब्दच नव्हता. "वापरला नाही तर बुरशी लागते त्याला."

त्यामुळे त्या घरातल्या सगळ्या वस्तूंना हळूहळू इंग्रजी स्वभाव चिकटले. पाण्याची मोटर चटकन चालू व्हायची नाही, ती 'रिलक्टंट'. गीझर कधी उकळतं पाणी द्यायचा, कधी बर्फासारखं, तो 'टेम्परामेंटल'. समोरच्या वळणावर भर रस्त्यात बसणारा सांड 'मॅजेस्टिक'. आणि दर सकाळी पेपर वाचायला म्हणून येऊन दोन कप चहा पिऊन जाणारे शेजारचे मुख्याध्यापक 'सुपरफ्लुअस'. हा शब्द त्यांना खुद्द मुख्याध्यापकांनीच दिला होता. काकूंनी 'गरजेपेक्षा जास्तीचा' हा अर्थ नीट ऐकून घेतला, मान हलवली आणि म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही." मुख्याध्यापक तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, चहा मागितला आणि म्हणाले, "सुपरफ्लुअस माणूस आलाय हो." काकूंनी त्या दिवशी त्यांना पोहेही दिले, वरून शेव भुरभुरून.

टावर चौकात त्यांच्याबरोबर जाणं ही माझ्यासाठी परीक्षाच असायची. त्या भाजी घ्यायला जात आणि पाट्या वाचत येत. एकदा एका कपड्यांच्या दुकानासमोर अडल्या. पाटीवर दुकानाच्या नावाखाली 'एक्सक्लूसिव' लिहिलं होतं.

"भैया, ये एक्सक्लूसिव का क्या मतलब है?"

दुकानदार खूश झाला. "मतलब एकदम बढ़िया माल, आंटीजी. आइए, अंदर आइए."

"बढ़िया नहीं होता उसका मतलब. मैंने पूछ के रखा है. उसका मतलब होता है, बाकी लोगों को बाहर रखना. तो आप किसको बाहर रखते हो?"

"अरे आंटीजी, हम तो सबको बुलाते हैं."

"तो फिर बोर्ड बदलो."

मी त्यांचा दंड धरून त्यांना पुढे नेलं. "काकू, त्याला काय कळणार आहे? सगळेच लिहितात."

"सगळेच लिहितात म्हणून तर विचारायचं," त्या म्हणाल्या. "त्याने लिहिलं, हजार लोक वाचून चालले गेले, कुणी विचारलं नाही. लोकांना नं, न कळलेल्या शब्दासमोर मान हलवायची सवय पडून गेली आहे. मला ती सवय सोडायची आहे, बस."

मग एक दिवस त्या माझ्या क्लासवर आल्या. मला न सांगता. फ्रीगंजात एका मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा क्लास होता. जिलेबीच्या तुपाचा वास फळ्यापर्यंत यायचा. मी समानार्थी शब्द शिकवत होते. 'ऑब्स्टिनेट', 'स्टबर्न', 'टेनेशियस', असे फळ्यावर एकाखाली एक लिहिले होते. वळून बघते तर शेवटच्या बाकावर, गुडघ्यावर पर्स ठेवून, काकू.

त्यांनी हात वर केला. "हे तिन्ही एकच आहे का?"

मुलं मागे वळून बघायला लागली. मी परीक्षेचं उत्तर दिलं, "परीक्षेत हे समानार्थी म्हणून येतात."

"परीक्षेचं सोड. मला कुणी ऑब्स्टिनेट म्हटलं तर मी राग मानू का?"

"हो. हटवादी, दुराग्रही, असं होतं ते."

"आणि टेनेशियस म्हटलं तर?"

"तर कौतुक आहे. चिवट. हातात घेतलेलं न सोडणारा."

"वा रे वा," काकू म्हणाल्या. "म्हंजे करणारा एकच काम करून राहिलाय. बघणाऱ्याला पटलं तर टेनेशियस, नाही पटलं तर ऑब्स्टिनेट. मग हे एकाखाली एक कसं लिहिलंस? यांच्यात तर भांडण आहे."

मुलं हसली, काहींनी बाक वाजवले. त्या आवाजाने क्लासचे मालक आत आले. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि हात जोडले. "माताजी, ये कॉम्पिटिशन वाले बच्चों का बैच है."

"तो मैं भी कॉम्पिटिशन में ही हूँ," काकू म्हणाल्या.

मालक तसे वाईट नव्हते, पण त्यांना त्यांच्या बॅचची शिस्त प्यारी होती. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि दाराकडे बोट दाखवलं. काकू उठल्या. मला वाटलं, दुखावल्या. त्यांनी कोपऱ्यातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, दाराबाहेरच्या गॅलरीत ठेवली आणि तिथे बसल्या. "गैलरी तो बैच में नहीं आती न?"

मालक माझ्याकडे बघत राहिले. मी फळ्याकडे वळले आणि जरा मोठ्या आवाजात शिकवायला लागले. त्यानंतर काकू आठवड्यातून एकदा तरी गॅलरीत असायच्याच. आणि मी त्या तीन शब्दांना पुन्हा कधीही एकाखाली एक लिहिलं नाही.

मुन्नाचा रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. त्याला आईच्या या उद्योगाची गंमत वाटायची आणि थोडी लाजही. "आई, उगाच लोकांना कशाला छेडतेस? तुला काय कमी आहे?" असं म्हणायचा. काकू म्हणायच्या, "काही कमी नाही. म्हणूनच आता जास्तीचं घेऊन राहिले." पण त्याच्याशी बोलताना त्या एकही इंग्रजी शब्द वापरत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्याला दाखवायला थोडीच शिकतेय. वेळ येईल तेव्हा बघू."

वेळ आली ती हिवाळ्यात. काकूंना चालताना धाप लागायला लागली. आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी भाजीची पिशवी घेऊन येताना त्या फाटकापाशीच खाली बसल्या. मी आणि मुख्याध्यापकांनी त्यांना रिक्षात घातलं. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसून गेली होती. डॉक्टरांनी मला सांगितलं, घरच्यांना बोलवून घ्या. मी मुन्नाला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी विमानाने इंदूरला उतरला आणि तिथून टॅक्सीने आला.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. काकू मध्ये बसल्या होत्या, शाल पांघरून, पर्स गुडघ्यावर. डॉक्टर भला माणूस, मध्यमवयीन. काकूंकडे बघून त्यांनी हिंदीत सांगितलं, "माताजी, दवाई देंगे, आराम करना है, चिंता की बात नहीं." मग ते मुन्नाकडे वळले आणि भाषा बदलली. त्या बदलण्यात इतका सराव होता, की त्यांना स्वतःलाही ते जाणवलं नसावं.

शस्त्रक्रिया हा एक मार्ग आहे, ते सांगत होते, इंदूरला होऊ शकते. पण वय बघता जोखीम आहे. मुन्ना खालच्या आवाजात इंग्रजीत उत्तरं देत होता. ती वाक्यं मला अजून ऐकू येतात. शी इज टू फ्रेल, डॉक्टर. व्हाय पुट हर थ्रू ऑल धिस? लेट्स जस्ट कीप हर कम्फर्टेबल. प्लीज डोन्ट टेल हर.

"टेल हर," काकू म्हणाल्या.

दोघंही थांबले.

"टेल हर," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मग मुन्नाकडे वळल्या. "शी इथेच बसली आहे, मुन्ना. तुझ्या बाजूला. आता एक मिनिट थांबा सगळे. मला काही शब्द विचारायचे आहेत." त्यांनी मला विचारलं नाही. डॉक्टरांकडे बघून विचारलं. "ये फ्रेल क्या होता है? ये शब्द मेरे पास नहीं है."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मतलब... नाज़ुक. कमज़ोर. जो झटका सह न पाए."

"अच्छा. तो ये हिंदी में बोलने में क्या तकलीफ़ थी?"

डॉक्टर समोरचे रिपोर्ट उलटायला लागले.

"और कम्फर्टेबल मुझे मालूम है. कम्फर्टेबल तो चप्पल होती है. मुझे कितने दिन कम्फर्टेबल रखने वाले हैं आप लोग?"

डॉक्टर मुन्नाकडे बघायला लागले. काकूंनी टेबलावर बोट आपटलं. "उधर नहीं. इधर देखिए. दिल मेरा है."

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. हिंदीत, हळूहळू, त्यांच्याकडे बघून. शस्त्रक्रिया न करता फार दिवस मिळणार नाहीत. वर्ष, कदाचित थोडं अधिक, आणि त्यातला शेवटचा काळ कष्टाचा. शस्त्रक्रिया पार पडली तर बरीच वर्षं. पण ती पार पडेलच असं नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो पर्सवर घट्ट धरून ठेवला होता.

बाहेर आल्यावर मुन्ना भिंतीला टेकून उभा राहिला. चाळिशीतला उंचापुरा माणूस, पण रडताना लहान दिसत होता. "आई, बाबांना मी त्या नळ्यांमध्ये बघितलंय. दिवसच्या दिवस. तुला पण तसंच... मला नाही बघवणार गं. म्हणून म्हणत होतो."

काकूंनी त्याला जवळ घेतलं नाही. त्यांना उभं राहायलाच त्रास होत होता. बाकावर बसत त्या म्हणाल्या, "तुला बघवणार नाही, हे तू मला सांगायला पाहिजे होतं. मराठीत. मी ऐकलं असतं. कदाचित मानलं पण असतं. पण तू डॉक्टरला जाऊन सांगितलंस की मीच फ्रेल आहे. घाबरला तू, आणि नाव माझं लावून दिलंस."

मुन्नाने डोळे पुसले. मग तो त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मी घाबरलोय, आई."

"मी पण," काकू म्हणाल्या. "चल, आता दोघं मिळून इंदूरला जाऊ."

इंदूरच्या हॉस्पिटलातला सर्जन तरुण होता, घाईत होता आणि हुशार होता. मीही बरोबर होते. काकूंनीच 'तू चल' म्हणून सांगितलं होतं. तिथे त्यांनी बसल्या बसल्या एक अट घातली. सगळं दोनदा सांगायचं. एकदा त्यांना हिंदीत आणि एकदा मुलाला इंग्रजीत. दोन्ही त्यांच्यासमोर.

"माताजी, एक ही बात है, दो बार क्यों?"

"एक ही बात है तो दो बार में क्या बिगड़ता है?"

सर्जन हसला. त्याने हिंदीत सांगितलं. कुठे चीर देणार, झडप कशी बदलणार, किती दिवस ठेवणार. शेवटी म्हणाला, "थोड़ा ख़तरा तो रहता ही है, आपकी उमर में." मग मुन्नाकडे वळून तेच इंग्रजीत सांगायला लागला. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना सगळं कळत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. दाट गर्दीत आपलं माणूस शोधावं तशा त्या त्या बोलण्यात ओळखीचे शब्द शोधत होत्या. सर्जन बोलत गेला आणि शेवटी म्हणाला, "अँड ऑफ कोर्स, देअर इज कन्सिडरेबल रिस्क."

काकूंनी डोळे उघडले.

"रुकिए. हिंदी में आपने क्या बोला था? थोड़ा."

"जी?"

"थोड़ा ख़तरा, बोला था. और इसको बोला कन्सिडरेबल. कन्सिडरेबल थोड़ा नहीं होता. वो तो अच्छा-खासा होता है." त्या माझ्याकडे वळल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. "बरोबर नं?"

"बरोबर, काकू," मी म्हणाले.

सर्जनचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा चिडणार. पण त्याने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही कोपर टेबलावर टेकवले आणि पहिल्यांदाच सावकाश बोलला. "आप सही कह रही हैं. ख़तरा थोड़ा नहीं है. अच्छा-खासा है. मैंने आपको डराना नहीं चाहा."

"डर तो मैं घर से लेके आई हूँ," काकू म्हणाल्या. "वो आपको नहीं देना पड़ेगा. आप बस माल पूरा तौल के दीजिए."

मग त्यांनी बाकीचे प्रश्न विचारले. जाग आल्यावर नळी घशात असेल का, किती दुखेल, मी गेले तर कशाने जाईन. सर्जनने एकेकाचं उत्तर दिलं, काही टाळलं नाही. मुन्ना दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. शेवटी काकू म्हणाल्या, "ठीक है. रिस्क कन्सिडरेबल है. अब समझ के हाँ बोल रही हूँ. पहले बोलती तो वो मेरी हाँ नहीं होती."

शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी मी आणि मुन्ना हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये समोरासमोर बसून होतो. तो मला विचारत होता, आई नेमकं काय काय शिकली? मी सांगत होते. मोटरचं सांगितलं, गीझरचं सांगितलं, मुख्याध्यापकांचं सांगितलं. तो हसला, मग म्हणाला, "मी दर रविवारी बोलायचो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं." मी त्याचा गार झालेला चहा बदलून आणला.

शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा लांबली. मध्ये एकदा सर्जनने बाहेर येऊन सांगितलं की रक्तस्राव जास्त होतोय. त्याने ते हिंदी-इंग्रजीची खिचडी करून सांगितलं, पण त्यात एकही शब्द मऊ केलेला नव्हता. संध्याकाळी निरोप आला, झडप बसली. पुढचे काही दिवस वाईट गेले. ताप आला, भान गेलं, आलं. मुन्ना काचेबाहेर उभा राहायचा. ज्या दिवशी घशातली नळी काढली, त्या दिवशी नर्सने त्याला आत सोडलं. तो बाहेर आला तेव्हा हसत होता आणि डोळे पुसत होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"नर्सने विचारलं, कैसा लग रहा है माताजी. तर आई म्हणाली, हॉरिबल. मग मला म्हणाली, हा शब्द फार दिवस वापरायचा राहिला होता."

काकू महिन्याभराने घरी आल्या. वाळून गेल्या होत्या, ब्लाउज खांद्यावरून घसरत होते. माधव नगरातल्या बायका बघायला यायच्या, दारातच आवाज खाली करून कुजबुजायच्या. काकू आतून ओरडायच्या, "जोरात बोला! मेलेलं माणूस आहे का घरात?" मुन्नाने काही आठवडे तिथूनच काम केलं. फोनवर तो दिवसभर इंग्रजी बोलायचा. पण जेवायला बसला की फोन खोलीत ठेवून यायचा. आईला हैदराबादला नेण्याचा विषय त्याने एकदा काढला, तोही तिच्याशीच, सरळ मराठीत. काकू सरळ मराठीत 'नाही' म्हणाल्या. त्याने दोन-तीन कारणं सांगितली, त्यांनी ऐकून घेतली, पुन्हा 'नाही' म्हणाल्या. दोघांचाही आवाज चढला नाही. मी वरणाची वाटी हातात धरून ते ऐकत होते आणि मला वाटत होतं, या घरात बहुतेक पहिल्यांदाच असं बोलणं होतंय.

मुन्ना गेला त्यानंतरची गोष्ट. निघताना त्याने मला सतरा सूचना दिल्या होत्या, त्यातली पहिली ही, की आईला जिना चढू द्यायचा नाही. डॉक्टरांनी अगदी बजावून सांगितलं होतं. मी काकूंना रोज सकाळी खाली जाऊनच भेटायचे.

एका रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. जिन्यावर पावलांचा आवाज आला. एक पाऊल, मग लांब शांतता. पुन्हा एक पाऊल. मी धावले. काकू शेवटच्या वळणावर कठड्याला धरून उभ्या होत्या. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. स्वतःच वर आल्या. गच्चीवरच्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. खालच्या गल्लीत तो सांड बसला होता, त्याच्याकडे बघत.

माझा मात्र पारा चढला होता. "काकू, हे काय चाललंय? डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. कळलं नव्हतं का तुम्हाला?"

काकूंनी पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"दोन्ही भाषांत सांगितलंय मला," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाषांत कळलंय. आता चहा ठेव."